पॉकेट मॉडेलवरून डिजिटल श्रवणयंत्रावर: आठवी-नववीच्या कर्णबधिर मुलांची चाचणी नेमकी कशी घ्यावी?

खडू_फळा

निवासी कर्णबधिर विद्यालय, आठवी-नववी मिळून १८ मुलं. बहुतेकांचा श्रवणऱ्हास दोन्ही कानांत ८० ते १०० डेसिबल, तिघांचा त्याहून जास्त. पहिलीपासून सगळ्यांच्या छातीवर पॉकेट मॉडेल (खिशात ठेवायचं श्रवणयंत्र), त्यातून दोन्ही कानांना जाणारी वाय-कॉर्ड आणि पेन्सिल सेल. आता चाचणीसाठी १८ जोड्या डिजिटल बीटीई (कानामागे लावायची श्रवणयंत्रं) मिळणार आहेत, ६७५ नंबरच्या बटण सेलवर चालणाऱ्या, जास्त ताकदीच्या. दोन महिन्यांनी कोणाला मशीन कायम द्यायचं आणि कोणाला नाही, हे कारणांसह लेखी द्यायचं आहे.

विचारायचं ते असं: आधी काय तयारी लागते? प्रोग्रॅमिंग करताना ऑडिओलॉजिस्टकडे नेमका कशाचा आग्रह धरायचा? वर्गात शिक्षकांनी रोज काय नोंदवायचं? आणि मुलांनी "नको, जुनंच द्या" म्हटलं तर ते केव्हा मान्य करायचं? माहितीपत्रकातली भाषा नको, प्रत्यक्षात काय बिघडतं ते सांगा.

ध्वनिरेषा

शेवटापासून सुरू करतो, कारण बहुतेक चाचण्या तिथंच बुडतात. पहिल्या दिवशी १८ पैकी निदान १२ मुलं "आवाज कमी आहे" असं सांगणार. तेव्हा मशीनही बिघडलेलं नसतं आणि मुलंही खोटं बोलत नसतात.

पॉकेट मॉडेल लीनियर असतं. हळू आवाजाला जेवढी वाढ, तेवढीच मोठ्या आवाजाला. समजा वाढ ६० डेसिबल आहे आणि कमाल मर्यादा १३०. मग ५० चा हळू आवाज ११० वर जातो, ६५ चं नेहमीचं बोलणं १२५ वर. ८० चा आवाज १४० वर जायला हवा, पण मर्यादा १३० ची, म्हणून तरंगाचं टोकच छाटलं जातं. जवळून बोलणाऱ्या शिक्षकांचा आणि स्वतःचा आवाज मुलं आठ-नऊ वर्षं असा छाटलेला, फाटका पण दणदणीत ऐकत आली आहेत. 'ऐकू येणं' म्हणजे हेच, असं त्यांचं कान आणि डोकं दोघंही धरून चालतात.

डिजिटल मशीन कॉम्प्रेशन करतं, म्हणजे हळू आवाजाला जास्त वाढ आणि मोठ्या आवाजाला कमी. तेच तीन आवाज साधारण ११२, १२०, १२७ वर येतील. हळू आवाज थोडा वाढला, पण ज्या आवाजांवर मुलांची भिस्त आहे ते ३ ते ५ डेसिबलनं उतरले. शिवाय छाटणीमुळे येणारी खरखर गेली. मुलाला त्याचा अर्थ एकच कळतो: मशीन अशक्त आहे. स्वतःचा आवाज कमी वाटतो म्हणून तो वर्गात ओरडायला लागतो आणि शिक्षकांना वाटतं, डिजिटलमुळे उच्चार बिघडले.

उपाय सोपा आहे, फक्त घाई नको.

चाचणीआधी प्रत्येकाचं जुनं पॉकेट मॉडेल, मूल ज्या आकड्यावर बटण ठेवतं त्याच आकड्यावर, टेस्ट बॉक्समध्ये (मशीनचा आवाज मोजायची पेटी) २ सीसी कपलरवर (कानाच्या जागी धरलेली छोटी पोकळी) मोजा. ५०, ६५, ८० असे तीन आवाज द्या, आणि ९० ला कमाल आउटपुट घ्या. प्रत्येक मुलाची चार ओळींची नोंद होते. नवं मशीन पहिल्या दिवशी ६५ च्या ओळीला जुन्याशी जुळवा, सूत्र (ऑडिओग्रामवरून किती वाढ हवी ते काढायचा हिशेब) काय म्हणतं ते बाजूला ठेवून. कॉम्प्रेशनचं प्रमाण १.२ ते १.५ च्या आत, रिलीज टाइम (मोठा आवाज थांबल्यावर वाढ पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांब. मग दर आठवड्याला एकच बदल: एकदा ५० च्या आवाजाची वाढ ३ डेसिबलनं वर, पुढच्या वेळी ५०० हर्ट्झच्या खालचं २-३ नं कमी, त्यापुढे १५०० ते ३००० हर्ट्झ थोडं वर. सहा ते आठ आठवड्यांत डीएसएल ५ किंवा एनएएल-एनएल२ या सूत्रांच्या लक्ष्याजवळ पोचता येतं. सूत्र कोणतं यावर वाद घालत बसू नका, पण एक निवडलं की सगळ्या १८ जणांना तेच. कंपनीचं स्वतःचं सूत्र आणि नुसतं 'फर्स्ट फिट' (सॉफ्टवेअरनं आपोआप दिलेली पहिली बसवणी) टाळा. ते बहुधा नव्याने मशीन घेणाऱ्या आजोबांना त्रास होऊ नये या बेतानं सौम्य ठेवलेलं असतं.

सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्याचा अनुभव विचारतात. तिथं 'लीनियर मशीनचा अनुभवी' असा पर्याय असेल तर तोच घ्या. आपोआप हळूहळू वाढ करणारी सोय असेल तर बंद करा. नाहीतर बदल तुम्ही केला की यंत्रानं, हे कळायला मार्ग नाही.

मोल्डवाला

ध्वनिरेषा यांचं बरोबर, पण त्याच्याही आधीची गोष्ट राहिली. पॉकेट मॉडेलचा मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) बीटीईला चालत नाही. पॉकेटच्या मोल्डला रिसीव्हरचं बटण बसवायची कडी असते, बीटीईला नळीचा मोल्ड लागतो. म्हणजे १८ मुलांचे ३६ नवे मोल्ड. मशीनं आली आणि मोल्ड महिन्यानं आले, तर तोवर कुणीतरी रबरी टिप लावून मशीन चालू करतं. ते शिट्टी मारतं, शिट्टी थांबावी म्हणून वाढ कमी केली जाते, आणि मग "डिजिटलमध्ये दम नाही" असा शेरा पडतो. मोल्ड हातात आल्याशिवाय खोकं उघडूच नका.

माप घेताना:

कान आधी ऑटोस्कोपनं बघा. मळ असेल तर काढून घ्या. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक दिसलं तर माप नाही, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. वसतिगृहाच्या मुलांत, विशेषतः पावसाळ्यात, वाहणारे कान सापडतातच. दोरा बांधलेला स्पंज दुसऱ्या वळणाच्या पुढं बसवा. तो अलीकडे बसला तर मोल्ड तोकडा होतो, आणि तोकडा मोल्ड ९० डेसिबलच्या कानात टिकत नाही. मटेरियल घट्ट सिलिकॉन हवं, पातळ नको. भरताना आणि भरल्यावर मुलाला तोंड थोडं उघडं ठेवायला, दोनचार वेळा चावायला सांगा. जेवताना, बोलताना जबडा हलला की कानाची नळी रुंदावते, आणि माप मिटल्या तोंडाचं असेल तर नेमकी तेव्हाच शिट्टी सुरू होते. बाहेरच्या कानाच्या वाटीचा वरचा खळगा नीट भरला का बघा, तिथं पोकळी राहिली की आवाज तिथूनच निसटतो.

मोल्ड फुल शेल (कानाची वाटी पूर्ण भरणारा), मऊ सिलिकॉनचा. व्हेंट (हवेचं भोक) नको, किंवा फार घाम येणाऱ्याला अगदी बारीक. नळी १३ नंबर, जाड भिंतीची. पातळ नळीतून आवाज गळतो आणि माइकपर्यंत परत पोचतो. नळी तीन ते सहा महिन्यांत पिवळी-कडक होते, तेव्हा ती बदलायची, पूर्ण मोल्ड नाही. या वयात कान अजून वाढत असतो, म्हणून मोल्ड साधारण वर्षाने बदलतो असं धरा. शिट्टी वाढली की मशीन दुरुस्तीला पाठवण्याआधी मोल्ड बघा. तपासायची रीत: मोल्डचं भोक बोटानं घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर आवाज मोल्डच्या कडेनं गळतोय, माप पुन्हा घ्या. तरी चालूच राहिली तर गळती नळीतून, हुकच्या (मशीनला नळी जोडणारा वाकडा तुकडा) जोडातून किंवा मशीनच्या आतून आहे. आता नळी मशीनच्या हुकजवळ चिमटा: थांबली तर नळी बदला, नाही तर हुक काढून, हुकचं टोक दाबून पुन्हा ऐका.

ध्वनिरेषा

+१. फीडबॅक कॅन्सलर (शिट्टी दाबणारी मशीनमधली सोय) मोल्डचं काम करत नाही. तो साधारण १० ते १५ डेसिबलची जास्तीची जागा देतो, वाईट मोल्डची भरपाई त्यातून होत नाही. फीडबॅक टेस्ट मोल्ड कानात नीट बसवल्यावर, शांत खोलीत घ्या, मोल्ड बदलला की पुन्हा घ्या. आणखी एक: कॅन्सलर जोरात ठेवला की शिट्टी, बासरी, प्रार्थनेची पेटी अशा एकसुरी आवाजांना तो फीडबॅकच समजतो आणि किणकिण किंवा थरथर ऐकू येते. पीटीच्या सरांची शिट्टी "दोनदा वाजते" असं मूल म्हणालं तर ते बरोबर सांगतंय.

पालक_नाशिक

दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्केवारी आणि डेसिबल असतात. त्यावरून प्रोग्रॅमिंग होतं का? शाळेतून तेवढंच मागितलं आहे.

ध्वनिरेषा

नाही. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ मध्ये दोन्ही कानांत बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींवर ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे कर्णबधिर, ६० ते ७० म्हणजे श्रवणदोष, अशी व्याख्या आहे. ती सवलतीसाठी. मशीनला प्रत्येक कानाचा २५० ते ४००० हर्ट्झचा (जमल्यास ६००० पर्यंत) ऑडिओग्राम (किती आवाजाला ऐकू येतं त्याचा आलेख) लागतो, हवेतून आणि हाडातून, सहा महिन्यांच्या आतला. सोबत टिम्पॅनोमेट्री (मधल्या कानाची तपासणी). शिवाय कोणत्या आवाजाला मूल दचकतं, तोही आकडा. 'प्रतिसाद नाही' असं लिहिलेल्या फ्रिक्वेन्सीवर सॉफ्टवेअर स्वतःहून आकडा धरतं, तो हातानं तपासा.

मुंबईच्या वांद्र्यात अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. तिथं किंवा जवळच्या ऑडिओलॉजीच्या महाविद्यालयात टेस्ट बॉक्स, प्रोब माइक (कानातला आवाज मोजणारा) हे सगळं मिळतं. गटानं मुलं न्यायची असतील तर आधी वेळ ठरवा. एका मुलाला दोन्ही कानांसह दीड तास धरा, दिवसाला चारपेक्षा जास्त मुलं नको. पाचव्या मुलाचे प्रतिसाद कंटाळ्याचे असतात.

खडू_फळा

टेस्ट बॉक्स मिळाला नाही तर? आमच्याकडे साउंडप्रूफ खोली आणि स्पीकरवाला ऑडिओमीटर आहे. मशीन लावून ऑडिओग्राम काढतो, तो पुरे का?

ध्वनिरेषा

अर्धवट पुरे. चाचणी घेणाऱ्याने कुठं फसू नये तेवढं सांगतो.

शुद्ध सूर नको, वॉर्बल टोन (किंचित वर-खाली डोलणारा सूर) द्या. खोलीत शुद्ध सुराचे उभे तरंग बनतात आणि डोकं वीतभर हललं की आकडा बदलतो. टोन तुटक द्या. सलग दिला तर नॉइज रिडक्शन त्याला पंख्याचा आवाज समजून दाबून टाकतं आणि मुलाला ऐकू येत नाही असं निघतं. म्हणून त्या वेळेपुरतं नॉइज रिडक्शन बंद. एक्सपान्शन म्हणून आणखी एक सोय असते, अगदी हळू आवाजाला वाढ न देणारी. तीही आकडा बिघडवते.

हे सगळं पाळूनही निघणारा आकडा हळू आवाजाचा असतो. त्या पातळीला कॉम्प्रेशनची वाढ सर्वांत जास्त असते, म्हणून डिजिटलचा ऑडिओग्राम कागदावर फार सुंदर दिसतो. पॉकेटमध्ये ५५ वर ऐकणारं मूल डिजिटलमध्ये ४० वर ऐकतं, अहवालात "१५ डेसिबलची सुधारणा" लिहिलं जातं, आणि वर्गात मूल काहीच वेगळं करत नाही. शिक्षकांचं बोलणं ६५ ते ७५ ला असतं, त्याबद्दल हा कागद काहीच सांगत नाही. निर्णय शब्दचाचणीवर आणि वर्गातल्या नोंदीवर घ्या.

गोदाकाठ

विशेष शिक्षिका, उच्चारांचं काम. रोजच्या नोंदीचं मी लिहिते.

सकाळी पहिल्या तासाआधी सहा ध्वनी: आ, ऊ, ई, म्, श्, स्. व्यंजनं स्वर न लावता, 'स्स्स' असं. 'स' म्हटलं की मूल त्यातला 'अ' ऐकून बोट वर करतं आणि आपण खूष होतो. तोंड हातानं झाकू नका, हातानं आवाज दबतो. पातळ कापड लावलेली भरतकामाची रिंग धरा किंवा मुलाच्या बाजूला उभं राहा. क्रम रोज बदला, मध्ये कधी दोन, कधी सात सेकंद थांबा. ठरावीक ठेक्यात दिलं तर चौदा वर्षांची मुलं ठेका ओळखतात, आवाज नाही. अंतर आधी १ मीटर, जमलं की ३ मीटर. एकेका कानानं, मग दोन्हींनी. नोंदीत दोन रकाने: 'ऐकू आलं' आणि 'ओळखलं'. एका मुलाला दोन मिनिटं.

चुका वाचता आल्या पाहिजेत. ई ला ऊ म्हणतंय? दोन्हींचा खालचा भाग ३०० हर्ट्झच्या आसपासच असतो, ई वेगळी कळते ती २२०० ते २५०० हर्ट्झजवळच्या भागामुळे. म्हणजे तो भाग पोचत नाही. म् ऐकू येत नाही, बाकी येतं? खालच्या फ्रिक्वेन्सीची वाढ फार कापली गेली, किंवा मोल्ड सैल आहे. काल सहाही ओळखलेलं मूल आज तीनच ओळखतंय? सेल, नळीतलं पाणी, मळ, सर्दी, याच क्रमानं बघा. ही नोंद तशीच ऑडिओलॉजिस्टकडे पाठवा. "नीट ऐकू येत नाही" या वाक्यावर त्यांना काहीच करता येत नाही.

स् चा मुद्दा मराठीत नुसता उच्चाराचा नाही. 'तो जातो' आणि 'तू जातोस', 'ती करते' आणि 'तू करतेस' यांत फरक तेवढा एका स् चा, तोही शब्दाच्या शेवटी, सगळ्यांत हळू. आपल्या मुलांच्या निबंधात 'तू जातो' सर्रास दिसतं, त्याला व्याकरण शिकवून फार फरक पडत नाही, कारण तो स् कानावर कधी पडलेलाच नसतो. चाचणीच्या आधी आणि नंतर या जोड्या ओष्ठवाचन झाकून विचारा: जातो–जातोस, साल–शाल, सेर–शेर, साप–साफ. प्रत्येक जोडी दहा वेळा, उलटसुलट क्रमानं. दहापैकी पाच बरोबर म्हणजे निव्वळ नशीब, नऊ आले तर ऐकलं म्हणा.

ध्वनिरेषा

ताईंच्या या जोड्या फ्रिक्वेन्सी लोअरिंगसाठी सोन्यासारख्या आहेत. बऱ्याच मुलांचा ३००० हर्ट्झच्या वरचा भाग संपलेलाच असतो. तिथं कितीही वाढ द्या, एकतर शिट्टी येते, नाहीतर आतल्या मेलेल्या पेशी काही उचलत नाहीत. मग वरचे ध्वनी खालच्या, जिवंत भागात आणून बसवणारी सोय वापरतात. कंपन्यांनी तिला वेगवेगळी नावं दिलीत, कुणी फ्रिक्वेन्सी दाबतं, कुणी उचलून खाली ठेवतं. आधी ती बंद ठेवून नेहमीची वाढ नीट बसवा. मग चालू करा, सगळ्यांत सौम्य पायरीवर. स् 'ऐकू येतो' इतपत आणा आणि थांबा. आणखी ओढलं की स् आणि श् एकाच जागी येऊन बसतात: स् सापडतो पण साल आणि शाल एक होतात. तशी वेळ आली तर एक पायरी मागे. नव्या जागी आलेला स् ओळखायला मुलाला निदान चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्याच्या गुणांवर ती बंद करू नका.

हातवारे

थोडं वेगळं बोलतो. ज्या तिघांचा ऱ्हास १०० च्या वर आहे, त्यांचा ऑडिओग्राम बहुधा डाव्या कोपऱ्यात असेल: २५० ला ८५, ५०० ला ९५, पुढं काही नाही. त्यांना कोणतंही श्रवणयंत्र बहुधा शब्द देणार नाही, डिजिटल असो की पॉकेट. लय मिळेल, मागून हाक आली, दार वाजलं, गाडी आली हे कळेल, ओष्ठवाचनाला थोडा आधार मिळेल. ते हवं असेल तर घ्यावं. पण त्यांचा भूमितीचा तास खुणांनीच होतो आणि व्हावा. चाचणीच्या नावाखाली दोन महिने "आता ऐकून समज" म्हणत खुणा कमी केल्या, तर नववीचे दोन महिने गेले. चाचणीच्या काळात भारतीय सांकेतिक भाषेचा वापर आधी होता तेवढाच राहिला पाहिजे. तुलना करायची तरी बाकीचं सगळं सारखं ठेवावंच लागतं ना.

आणि निर्णयाच्या कागदावर मुलाच्या सहीचा रकाना हवा. चौदा वर्षांचं मूल आहे.

खडू_फळा

मान्य. खुणा चालू राहतील.

सेलवाली

सेलचा हिशेब कुणी सांगितला नाही. ६७५ चा झिंक-एअर सेल साधारण ६०० मिलिअँपिअर-तासांचा. ताकदीचं मशीन ३ मिलिअँपिअर खातं असं धरा, दिवसाचे १० तास म्हणजे ३०, म्हणजे एक सेल २० दिवस. ३६ मशीनं, ६० दिवस: १०८ सेल, सहाच्या १८ पट्ट्या. मोडतोड आणि हरवणं धरून २२ घ्या. निळा स्टिकर बघून घ्या, आणि 'पी' लिहिलेला कॉक्लिअर इम्प्लांटचा ६७५ नको. स्टिकर काढल्यावर हवा आत जाते तेव्हाच सेल जागा होतो, म्हणून एक-दोन मिनिटं थांबून मग घाला. लगेच घातला की मशीन बंद-चालू होतं आणि मुलं सेल फेकून देतात. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. सेल टेस्टरवर नवा १.४ व्होल्ट, १.२ च्या खाली आला की बदला.

शेवटच्या दिवसापर्यंत पॉकेटचे पेन्सिल सेल हळूहळू मंद होत. हा सेल टप्पकन मरतो. मशीन आधी टिंग-टिंग करून सांगतं, पण ती टिंग अनेक मुलांना ऐकूच जात नाही. टिंगचा आवाज आणि फ्रिक्वेन्सी सॉफ्टवेअरमधून ५०० हर्ट्झला आणता येते, ते सांगून करून घ्या. जुने सेल मोजून परत घ्या. वसतिगृहात पहिली-दुसरीची लहान मुलं असतात, आणि गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत दोन तासांत भाजू शकतो. गिळला असं नुसतं वाटलं तरी वाट न बघता दवाखाना.

मोल्डवाला

कोरडं ठेवण्याचंही. रात्री सेलचं दार उघडं, मशीन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. निळं जेल गुलाबी झालं की कोरड्या कढईत मंद आचेवर परत निळं करून घ्या, पण ती कढई परत स्वयंपाकात नको. डब्यात तांदूळ ठेवू नका, भुसा माइकच्या भोकात जातो. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर मोल्ड मशीनपासून सोडवा आणि छोट्या रबरी पंपानं हवा मारा. तोंडानं फुंकलं की आणखी वाफ जाते. मोल्ड आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात, मशीन कधीच नाही.

पॉकेट मॉडेलवर कपडे घासायचे, आता तो त्रास गेला म्हणतात. मुलींच्या ओढणीचा आणि केसांचा बीटीईच्या माइकवर तसाच खरखराट होतो. केस मशीनच्या मागून घ्यायला शिकवा.

ध्वनिरेषा

वर्गाचंही महत्त्वाचं. पंखा पूर्ण वेगात, खिडकीबाहेर रस्ता, उघड्या फरशीवर लोखंडी बाक: अशा खोलीत दहा हजारांचं आणि लाखाचं मशीन सारखंच हरतं. मशीनचा माइक कानाजवळ आहे, शिक्षक तीन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो, पंख्याचा उतरत नाही. डोक्यावरचा पंखा बंद करून भिंतीवरचा मागे लावा, बाकांच्या पायांना रबरी टोप्या, मुलं घोड्याच्या नालेच्या आकारात, एका वर्गात ८ ते १०.

पैसे उरले तर महागड्या मशीनपेक्षा रिमोट माइक घ्या. तो शिक्षकांच्या तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर राहतो, अंतराचा प्रश्नच मिटतो. खुणा करणाऱ्या शिक्षकांनी गळ्यात लटकता नको, हात आपटतात, कॉलरला क्लिप लावा. मुलं बोलतील तेव्हा माइक त्यांच्याकडे द्या, नाहीतर ती फक्त शिक्षकांनाच ऐकतात. आणि स्टाफरूममध्ये जाताना म्यूट करा. नववीच्या वर्गाला मुख्याध्यापकांबद्दलची मतं कळायला नकोत.

शाळेत जुनी लूपची तार फिरवलेली असेल तर ती फेकू नका. डिजिटल मशीनमध्ये टेलिकॉइल (लूपचा संकेत पकडणारी गुंडाळी) आहे का आणि प्रोग्रॅममध्ये चालू केला आहे का, एवढं विचारा. अनेकदा तो आत असतो आणि बंद असतो. चालू केल्यावर गुणगुण आली तर जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बघा.

दिशा-माइक आणि नॉइज रिडक्शन पहिल्या प्रोग्रॅममध्ये बंद किंवा अगदी सौम्य. गटचर्चेत बाजूचा बोलतो, मागचा हसतो, ते कापलं जाऊ नये. हवं तर दुसरा प्रोग्रॅम द्या आणि बटण केव्हा दाबायचं ते शिकवा.

पालक_नाशिक

मशीनमध्ये किती तास वापरलं याची नोंद राहते म्हणतात. ती शाळा बघते का? मुलगी विचारते आहे, जासूसी वाटते तिला.

ध्वनिरेषा

डेटा लॉगिंग. बघावंच लागतं, पण आधी मुलांना सांगून. लपवून बघितलं आणि नंतर रागावलं तर तुमची चाचणी संपली. शिवाय आकडा फसवतोही: दार बंद ठेवून डब्यात टाकलेलं मशीन तास मोजत राहतं. सोबत 'शांत वातावरण' १०० टक्के दिसलं तर ते तास डब्यातले. रोजचे ८ तास आणि त्यातले निदान निम्मे बोलण्याचे किंवा गोंगाटाचे, तर मूल खरंच वापरतंय. २ तास असतील तर कारण विचारा. बहुतेक वेळा मोल्ड दुखतो आणि ते कोणी सांगत नाही.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक असं ठरवते आहे, चुकतंय का सांगा: जूनच्या शेवटी ऑडिओग्राम आणि मोल्डची मापं, जुलैत जुन्या मशीनची मोजणी आणि शब्दचाचणी, ऑगस्टपासून डिजिटल, ऑक्टोबरमध्ये परत तीच शब्दचाचणी.

ध्वनिरेषा

एक सुधारणा. निम्म्या मुलांना ऑगस्टमध्ये डिजिटल द्या, बाकी नऊ पॉकेटवरच ठेवा आणि त्यांचीही शब्दचाचणी घेत राहा. सप्टेंबरच्या मध्यावर त्यांना द्या. नाहीतर ऑक्टोबरमधली वाढ मशीनची की त्याच जोड्या रोज घोकण्याची, हे कळणार नाही. शब्दयादीही आधीची आणि नंतरची वेगळी, अवघडपणा सारखा. दुसऱ्या गटाला सुटीआधी सहाच आठवडे मिळतात, म्हणून त्यांचा निकाल दिवाळीनंतर. आणि दिवाळीच्या सुटीला घरी पाठवताना प्रत्येकाला एकेक पट्टी सेल आणि पालकांना एक पानाची चित्रं. सुटीत सेल संपला की मशीन थेट नोव्हेंबरमध्येच कानाला लागतं.

दहावीला हे ठेवलं नाहीत, हे बरं केलंत.

हातवारे

"जुनंच द्या" केव्हा मान्य करायचं, ते राहिलं. मोल्ड नीट बसतोय, ६५ ची ओळ जुन्याशी जुळवून झाली, आठ आठवडे झाले, रोज सहा तास वापरलं, आणि तरी मूल नको म्हणतंय: मान्य करा. यातलं एक जरी झालेलं नसेल तर त्याने मशीन नाकारलेलं नाही, आपण ते बसवलेलंच नाही.

गोदाकाठ

आणि परत द्यायचं जुनं पॉकेट मॉडेल त्या दिवशी चालू अवस्थेत हवं. आठ आठवडे कपाटात राहिलं की कॉर्ड आतून तुटलेली निघते आणि सेल गळून स्प्रिंगला हिरवा गंज. सेल काढून ठेवा, कॉर्ड सैल वेटोळ्यात, प्रत्येकाच्या नावाच्या पिशवीत, जुन्या मोल्डसकट.